पॅन्सी डावीकडे बघताहेत

"सगळीच्या सगळी माझ्याकडे टक लावून बघताहेत... सोसायटीच्या सभेला उशिरा गेलं की बघतात ना, अगदी तश्शी!"

ही कुरकुर इल्माच्या कानापासून वीतभर अंतरावर झाली. ती वाकून पॅन्सीची कुंडी उचलत होती. शेजारी लोकरी टोपी घातलेला एक लांबलचक माणूस उकिडवा बसला होता. हातातल्या कागदाकडे बघत होता, फुलांकडे बघत होता, आणि दोघांवरही रुसला होता.

मे अर्धा सरला होता, तरी समुद्रावरचा वारा कान कापत होता. फिनलंडच्या उत्तरेतल्या ओउलू गावच्या बाजारचौकात गुबगुबीत पोलिसाच्या पुतळ्यापासून थेट धक्क्यापर्यंत पॅन्सीचे ट्रे मांडले होते. सात महिने पांढरं नि राखाडी बघून विटलेल्या डोळ्यांना या दिवसांत दुसरा आधार नसतो. बाकीच्या नखरेल फुलझाडांनी अशा थंडीत दोन दिवसांत मान टाकली असती. पॅन्सी तेवढी टिकते.

"बिनचेहऱ्याच्या म्हणजे कुठल्या हो?" त्यानं विचारलं.

"ज्यांच्या तोंडाला काळं फासलेलं नाही त्या," विक्रेत्या तैमीबाई थर्मासमधली कॉफी ओतत म्हणाल्या. पस्तीस वर्षं फुलं विकून त्यांचा आवाज मात्र मासेवालीचा झाला होता.

तो वाचू लागला. "सात पिवळ्या, बिनचेहऱ्याच्या. तीन गडद निळ्या, चेहऱ्याच्या. झालरवाल्या नकोत, त्या लग्नाला आलेल्या आत्याबाईंसारख्या दिसतात. दोन लहान व्हायोलेट, वासाच्या, कोपऱ्यात लावायला. उमललेली फुलं कमी, कळ्या जास्त. आणि विचार, की..." तो अडखळला. टोपीखालून कान लाल झाले. "...विचार, की रात्री बाहेर झोपली होती का?"

"कोण, मी?" तैमीबाई म्हणाल्या.

इल्मा फस्सकन हसली. हसता हसता तिची नजर त्या कागदावर गेली. कॉफीच्या पुड्याचा फाडलेला तुकडा, त्यावर फळ्यावर लिहावी तशी मोठी गोल अक्षरं. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघराबाहेर 'आज वाटाण्याचं सूप' लिहिणारा तो हात इल्मानं कुठेही ओळखला असता.

"तुम्ही हेल्वीआजींचे नातू ना? मी इल्मा. त्यांच्या समोरच्या दारातली."

"एल्यास," तो उठून उभा राहिला. उठतच राहिला, इतका उंच होता. "म्हणजे ती सायकलवाली तुम्हीच? आजी म्हणते, सगळ्या बिल्डिंगमध्ये अक्कल असलेली एकच बाई आहे, पण नखं कधी स्वच्छ नसतात."

इल्मानं हात मागे घेतले. सायकलींच्या वर्कशॉपमध्ये काम म्हटल्यावर ग्रीस नखांत असायचंच. "रोपं रात्री बाहेर ठेवली होती का, असं विचारायचं असतं," ती म्हणाली. "काचघरातून थेट आणलेली पहिल्याच थंडीला माना टाकतात. आणि कुंडी उलटी करून बघा... हां, अशी. मुळं पांढरी हवीत. वर फूल छान नि खाली मूळ कुजकं, असलं नको."

"माणसांचंही बघता येतं असं उलटं करून?"

"तुम्हाला उलटं करायला क्रेन लागेल."

तो हसला. मग तिच्याकडे जरा निरखून पाहिलं... आणि स्वतःच्या गालावर बोट ठेवलं. "तुमच्या इथं... काळं लागलंय. म्हणजे तुम्ही चेहऱ्याच्या जातीतल्या."

तिनं बाहीनं गाल पुसला. डाग आणखी पसरला. तैमीबाईंनी वर न बघता सांगितलं, "चेहऱ्याच्या जास्त टिकतात हो. घेऊन टाका."

*

ट्रे तिच्या सायकलच्या पुढच्या टोपलीत बसला आणि तो शेजारून चालत आला. तीन मजल्यांची जुनी इमारत, लिफ्ट नाही, चोपन्न पायऱ्या. याच इमारतीच्या दारापुढच्या बर्फावर हेल्वीआजी फेब्रुवारीत घसरल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून त्या नदीपलीकडच्या केंद्रात चाकाच्या खुर्चीतून उठायला शिकत होत्या. चौऱ्याऐंशीव्या वर्षी.

"तुम्ही किती दिवस आहात?" दुसऱ्या मजल्यावर इल्मानं विचारलं. एल्यास नॉर्वेत, अगदी वरच्या टोकाला, समुद्रातल्या पिंजऱ्यांत मासे वाढवायच्या कामावर होता, हे तिला हेल्वीआजींकडून ठाऊक होतं.

"युहान्नुसपर्यंत. जूनअखेरच्या सणापर्यंत. रजा घेतलीय. घर आवरायला."

"आवरायला म्हणजे?"

तो पायरीवर थांबला. हातात दहा पॅन्सी, दोन व्हायोलेट. त्या सगळ्या इल्माकडे बघत होत्या. तो नव्हता बघत.

"घर विकलंय," तो म्हणाला. "एक जूनला किल्ली द्यायची. डॉक्टर म्हणाले, या पायऱ्या आता कधीच जमणार नाहीत. मुखत्यारपत्र बाबांच्या नावावर आहे. त्यांनी तिकडे राजधानीत बसून सगळं उरकलं."

"आणि आजींना?"

"सांगायचंय अजून. डॉक्टरांनी बाबांना सांगितलं. बाबांनी मला. आता मी..." त्यानं ट्रे सावरला. "तिनं ही यादी दिली. म्हणाली, लाव, आणि दर रविवारी फोटो पाठव. सणाला घरी येईन तोवर मला बघता येईल. मी काय म्हणणार होतो?"

'खरं म्हणायचं होतं,' हे इल्माच्या ओठांवर आलं होतं. पण त्याच्या टोपीवर एक पिवळी पाकळी पडली होती, आणि ती पाकळी काढायला हात उचलायचा की नाही या विचारात ते वाक्य राहून गेलं. पुढे पाच आठवडे ते तसंच राहिलं.

*

हेल्वीआजींची बाल्कनी पूर्वेकडची. लांबट पेटीत माती भरताना इल्मानं त्याला सांगितलं, "तीन दिवसांत बघ, सगळ्या उजवीकडे वळतील. दुपारचं ऊन तिकडून येतं. आजी म्हणतात, बाजाराच्या दिशेनं कान लावून बसतात मेल्या. आपल्याला नुसत्या त्यांच्या मानाच दिसतात."

तोवर 'तुम्ही' गळून पडलं होतं. दोघांच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

"आणि व्हायोलेटचा वास कुठाय?" तो नाक खुपसून म्हणाला. "फसवलं त्या बाईनं."

"हळू घे. एकदाच येतो. मग नाकालाच विसर पडतो. थोडं थांबायचं, मग परत येतो."

तो थांबला. तीही वाकली. दोघांची डोकी दोन बोटांच्या अंतरावर... आणि मग तो आला, गोड, पुसट, साखरेच्या डब्याचं झाकण कुणी लांब कुठेतरी उघडावं तसा.

"गेला," तो कुजबुजला.

"येईल परत."

पहिला फोटो गेला. पाच मिनिटांत आजींचं उत्तर आलं, 'पाणी जास्त घातलंस. इल्माला विचारत जा.'

त्याच आठवड्यात इमारतीची अंगण-सफाई होती. सगळे दाताळी घेऊन जुनी पानं नि हिवाळ्यात बर्फावर टाकलेली खडी ओढत होते. दर दोन मिनिटांनी कुणी ना कुणी एल्यासपाशी येई. "हेल्वी कशी आहे?" "बरी आहे." "घरी...?" एवढं म्हणून माणूस थांबे. नोटीस बोर्डावर नव्या मालकांचं नाव कधीच लागलं होतं. सगळ्यांनी वाचलं होतं. मग जो तो आपल्या कॉफीच्या कपात बघे, आणि देखभाल बघणारा जाडजूड गडी भाजलेलं सॉसेज नि मोहरीच्या सॉसची बाटली पुढे करून म्हणे, "मोहरी घे रे, मोहरी." तेवढ्या मोहरीखाली बिल्डिंगनं हेल्वीआजींना गाडून टाकलं. इल्मानंही मोहरी घेतली.

मेच्या शेवटच्या शनिवारी बर्फ पडला.

सकाळी सातला तिच्या दारावर थाप. एल्यास उभा, पायांत बूट, अंगात रात्रीचा सदरा. "मेल्या. सगळ्या मेल्या. उद्या रविवार आहे, इल्मा!"

ती बाल्कनीत गेली. पेटीवर चार बोटं बर्फ. त्याखाली पॅन्सी आडव्या, पानं काचेसारखी, फुलं मातीला चिकटलेली. तो हात घालायला निघाला तशी तिनं त्याचं मनगट धरलं.

"हात लावू नकोस. गोठलेलं देठ हलवलं की मोडतं. थांब. उठतील त्या."

"नक्की?"

"कॉफी कर."

खोल्या निम्म्या रिकाम्या झाल्या होत्या. भिंतीवर चौकटींचे फिकट चौकोन, जमिनीवर खोके. दोघं खोक्यांवर बसून वेलचीचा पाव कॉफीत बुडवत काचेतून बघत राहिली. बर्फ वितळायला तीन तास लागले. त्या वेळात तिला कळलं की तो नऊ वर्षांचा असताना आई गेल्यावर दोन वर्षं याच खोल्यांत वाढला. नॉर्वेतल्या समुद्रात कामाला एकच माणूस सोबत असतो, आणि तो चारचार दिवस बोलत नाही. त्याला कळलं की तिला कुणी सोडून गेलं होतं, पण त्या माणसाची सायकल ती अजून दर वसंतात दुरुस्त करून देते.

"का?"

"ब्रेक खराब आहेत त्याचे. कुणाला तरी धडकेल."

तो हसला नाही. तिच्या हाताचं एक बोट त्यानं धरलं, नखातलं काळं बघितलं, आणि सोडलं नाही.

दहाच्या सुमाराला एका निळ्या पॅन्सीनं मान हलवली. मग दुसरीनं. अकराला सगळ्या उभ्या होत्या, भिजलेल्या, जराशा ओशाळलेल्या.

"उठल्या," एल्यास म्हणाला. मग फार हळू, काचेकडे बघूनच, "आजीही उठेल असं वाटतं... कधीकधी."

इल्मानं कप तोंडाला लावला. कॉफी गार झाली होती, तरी ती प्यायली.

*

किल्ली गेली. एल्यास उरलेल्या दिवसांसाठी भाड्याच्या खोलीत गेला. पण रविवार थोडाच जातो?

"तुझी बाल्कनीही तशीच आहे," एल्यास तिच्या दारात उभा राहून म्हणाला. हातात पेटी, काखेत हेल्वीआजींची घडीची खुर्ची, खांद्यावर त्यांची चिंध्यांची सतरंजी. "तोच कठडा, तोच राखाडी रंग. फोटो जवळून घेतला तर कळणारसुद्धा नाही. फक्त सणापर्यंत. मग मी स्वतः सांगतो. शपथ."

आता इथं तुम्ही म्हणाल, इल्मासारखी अक्कल असलेली बाई 'नाही' म्हणाली असेल. अहो, तो दारात उभा होता. त्याच्या कोटाला पावसाचा वास होता. तिनं दार पूर्ण उघडलं.

एका फोटोला तीन तास लागू लागले. सतरंजी अंथरायची, खुर्ची ठेवायची, आजींचा सोनेरी कडेचा कप मांडायचा. कप जरा पुढे. नको, मागे.

"तुझी सावली येतेय."

"मग कुठं बसू?"

"इकडे... अजून इकडे."

"इथं तर तू आहेस."

"हो ना. मोठी अडचण आहे."

मग पाऊस येई, बारीक, उजेडातला, आणि ती दोघं सतरंजीवर पाय दुमडून बसून राहत. फोटो पाठवला जाई. उत्तर येई, 'झडलेली फुलं खुडा. बी धरलं की संपतात.' दोघं खुडत. एकदा खुडताना बोटं बोटांत अडकली आणि त्यानं तिच्या डोक्यावर, भांगापाशी, ओठ टेकवले. जे चाललं होतं त्याला त्यांनी नावच ठेवलं नव्हतं. 'रविवार' म्हणत. "रविवारी येशील?" "रविवार आहे ना." एवढंच.

जूनच्या पहिल्याच रविवारी, तो कप भरायला आत गेला असताना, इल्माला ते दिसलं होतं.

तिची बाल्कनी पश्चिमेची. दुपारचं ऊन तिथं डावीकडून येतं. आठवडाभरात दहाच्या दहा पॅन्सींनी माना फिरवल्या होत्या. सात पिवळ्या, तीन निळ्या, सगळ्या डावीकडे बघत होत्या.

तीस वर्षं रोज सकाळी त्यांच्या माना बघत कॉफी पिणाऱ्या बाईला हे कळणार नाही?

एल्यास परत आला. "काय गं? काय बघतेस?"

"काही नाही," इल्मा म्हणाली. "कप जरा पुढे घे."

*

सणाआधीच्या रविवारी हेल्वीआजींनी दोघांना बोलावून घेतलं. बसमध्ये एल्यास म्हणाला, "आज नको, हं. सण होऊ दे. तिच्या तोंडावरचा... सण होऊ दे फक्त." सण शनिवारी. सोमवारी त्याचं विमान. इल्मानं खिडकीबाहेर बघितलं. नदी भरून वाहत होती आणि घरोघरी दारांत सणासाठी बर्चच्या झाडाच्या फांद्या उभ्या करायची तयारी चालली होती.

हेल्वीआजी खिडकीजवळच्या टेबलाशी कोट घालून बसल्या होत्या. डोक्यावर निळी टोपी, मांडीवर तपकिरी पर्स, पायाशी बांधलेली पिशवी. चाकाच्या खुर्चीला दोन्ही ब्रेक लावलेले.

"आजी, अगं कोट कशाला? उकडत नाही?"

"घरी कोट घालूनच जातात. आज येता येत नसेल तर कधी, ते तरी सांग."

"पुढच्या... बघू ना. डॉक्टरांना विचारतो."

"हं." त्यांनी पर्समधून फोन काढला, चष्म्यावर भिंग धरलं. "तोवर मला एक सांग. ह्या डावीकडे का बघताहेत?"

"कोण?"

"तुझी सासू! पॅन्सी, रे. माझ्या बाल्कनीत त्या उजवीकडे बघतात. मेच्या फोटोत उजवीकडे होत्या. जूनच्या तिन्ही फोटोंत डावीकडे. खुर्ची माझी, कप माझा, सतरंजी माझी. मग ऊन कुणाचं आहे?"

पडदे सारखे करणारी नर्स थांबली, आणि पडदा तसाच सोडून हळूच बाहेर गेली.

"फोन करतो कधीकधी फोटो उलटा," एल्यास म्हणाला. आवाज फार हसरा होता. "आरशासारखा. नवीन फोनचं असंच असतं, आजी."

"कपाचा कान उलटा नाही झालेला." हेल्वीआजींनी भिंग खाली ठेवलं. त्यांनी मान वळवली. "इल्मा. तू सायकली दुरुस्त करतेस. याला कधी खोटं बोलता आलं नाही, लहानपणीही नाही. तुला येतं का ते मला ठाऊक नाही. तू सांग."

टेबलाखाली एल्यासनं तिचा हात घट्ट धरला. नको, असं तो हात म्हणत होता. तो उबदार होता. या हातासाठी ती रविवारमागून रविवार कप पुढेमागे करत बसली होती. त्या क्षणी तो दोन वर्षं या बाईच्या कुशीत झोपलेला नऊ वर्षांचा पोर दिसत होता. सांगितलं, तर तो सोमवारच्या आधीच निघून जाईल. कदाचित पुन्हा तिच्या दारात उभा राहणार नाही. नाही सांगितलं, तर अजून एक सण, अजून एक फोटो... आणि ही म्हातारी कोट घालून बसलेली.

इल्मानं हात सोडवून घेतला. दोन्ही हात, नखांतल्या काळ्यासकट, टेबलावर ठेवले.

"घर विकलं, हेल्वीआजी," ती म्हणाली. "एक जूनपासून तिथं दुसरी माणसं राहताहेत. तुम्ही आता घरी नाही येणार. युहान्नुसला नाही, आणि नंतरही नाही. पॅन्सी माझ्या बाल्कनीत आहेत. त्या डावीकडे वळल्याचं मला पहिल्याच रविवारी दिसलं होतं. तरी मी गप्प बसले. बोलले असते तर हा माझ्याकडे यायचा थांबला असता... आणि माझं याच्यावर प्रेम आहे, आजी."